पोरीच्या आईने फक्त डोळे पुसायचे

नाही, मला एक सांगा, त्या पोरीच्या आईला दुसरं काही कामच नव्हतं का? एवढं जाडजूड पुस्तक, उशाला घेतलं तर मान आखडेल असलं, त्यात ती पोरगी भेटते काय, रुसते काय, युवराज तिच्यामागे गाडी काय पळवतो, राजमाता कट काय करते, घोडे काय, झुंबरं काय… आणि आई काय करते? पदराने डोळे पुसते! पोरगी राजवाड्यात निघाली, आई पदराने डोळे पुसते. पोरगी रडत परत आली, आई पदराने डोळे पुसते. शेवटी लग्न लागलं, तोफा उडाल्या, म्हटलं आता तरी ही बया तोंड उघडेल, निदान जिलबी तरी खाईल… तर कसलं काय! कोपऱ्यात उभी, आणि पदराने डोळे पुसते! अहो, पदर आहे का पोतेरं?

तुम्हाला सांगते, मी काही पुस्तकं वाचणारी बाई नाही. चौथीपर्यंत शाळा, ती पण पारनेरकडच्या वाडीतली, गुरुजी आले तर शाळा, नाही आले तर शेळ्या. पण अक्षर ओळखते, आणि माणूस तर त्याहून आधी ओळखते, असं आपलं मला वाटायचं. कोपर स्टेशनजवळ माझं पोळीभाजी केंद्र आहे. बोर्डावर माझं नाव आहे, कलावती पोळीभाजी केंद्र, लाल अक्षरात, नवऱ्याचं नाव नाही काही नाही. मी लाटते, रंगूबाई भाजते, आणि संध्याकाळी ठाण्याहून दमून आलेल्या बाया दारात उभ्या राहून "मावशी, दहा पोळ्या, जरा मऊ द्या हं," म्हणतात. जशा काय रोज मी दगडाच्या देते!

तर हे पुस्तक सापडलं दिशाच्या उशीखाली. दिशा माझी लेक. एकुलती. वागळे इस्टेटला एका कंपनीत नोकरी करते, एसीत बसते, मी तवा तापवून तापवून बसवली तिला त्या एसीत. उशीचा अभ्रा बदलायला गेले तर खालून हे बाहेर. वर वाड्याचं चित्र, पाठमोरी पोरगी, केस उडतायत. मागे लिहिलेलं, "एक राजपुत्र. एक सामान्य मुलगी." सामान्य! माझं डोकंच फिरलं. सामान्य म्हणजे काय हो? सामान्य मुलगी काय झाडाला लागते? पहाटे उठून तिचा डबा कोण करतं, तिच्या फीसाठी गळ्यातलं कोण मोडतं, तिला ताप आला की रात्र रात्र मिठाच्या पाण्याच्या पट्ट्या कोण ठेवतं… आणि हे मागच्या कव्हरवर दोन शब्दांत सामान्य लिहून मोकळे!

तरी वाचलं. रागाने वाचलं. राग आला की मी काहीही करू शकते.

तर तो युवराज शौर्यवर्धन. विलायतेत शिकलेला, वाड्याचं हॉटेल करायला परत आलेला. आणि ती इरा, कॉफीच्या दुकानात कामाला. पहिल्याच दिवशी ती त्याच्या कोटावर कॉफी सांडते आणि तो तिच्या प्रेमात पडतो. कॉफी सांडली म्हणून! अहो, मी एकदा गिऱ्हाईकाच्या पँटीवर आमटी सांडली होती, तो मेला अजून दुकानावरून जाताना थुंकतो. आणि त्या इराच्या केसांना म्हणे मोगऱ्याचा वास. दिवसभर कॉफीच्या दुकानात उभी राहून मोगऱ्याचा? माझ्या केसांना आंघोळ केली तरी लसणाच्या फोडणीचा वास येतो, देवळात गेले तर पुजारी म्हणतो, मावशी, आज काय मेथी का?

पण रंगूबाईला चटक लागली. तिला वाचता येत नाही, म्हणून मी लाटता लाटता मोठ्याने वाचायचं आणि तिने भाजता भाजता ऐकायचं. "कलाताई, पुढं वाच गं, धरला का हात त्याने?" "अगं रंगे, तवा बघ, धूर निघतोय!" "निघू दे गं, हात धरला का ते सांग!" त्या युवराजाने हात धरेस्तोवर आमच्या किती पोळ्या जळाल्या ते देवाला ठाऊक. कोपरची माणसं तेवढे दिवस करपलेलं खाऊन गेली, राजघराण्यापायी.

आणि मग ते प्रकरण आलं. राजमाता इराच्या आईला वाड्यावर बोलावते. ही बिचारी ठेवणीतलं पातळ नेसून जाते. तर दारावरचा शिपाई म्हणतो, "कामकरी बायकांनी मागच्या दाराने यायचं." आणि तिला नेतात कुठे? मुदपाकखान्यात! पोरीच्या आईला! आणि आई काय करते? सांगा, सांगा, तुम्हीच सांगा… पदराने डोळे पुसते!

मी लाटणं आपटलं पोळपाटावर. रंगूबाई दचकली. म्हटलं, "रंगे, ऐकून ठेव. ह्या कलावतीला कुणी मागच्या दाराने नेऊन दाखवावं. वाड्याचे खांब हलवीन!"

हे मी बोलले, आणि देव मेला वरून तथास्तु म्हणाला.

कारण त्याच आठवड्यात दिशा माझ्याजवळ येऊन बसली. कणीक मळायला घेतली तिने. मी ओळखलं, पोरगी न सांगता कणकेला हात लावते म्हणजे काहीतरी भानगड आहे.

"आई, एक सांगायचंय. रागावू नकोस."

"मुलगा आहे का?"

"हो. नयन नाव आहे. आमच्या ऑफिसची बिल्डिंग आहे ना, ती त्यांचीच. छतातून पाणी गळत होतं म्हणून मी त्याला झापलं. तर तो हसायलाच लागला."

बघा! कॉफी नाही तर गळकं छत, पण सुरुवात तीच! मी म्हटलं, बिल्डिंग त्यांची? तर म्हणे एक नाही, बऱ्याच आहेत. खाडीकाठचं गाव, इथलेच पिढीजात लोक. आजा मिठागरात राबलेला, बापाने भात लावलेला, आणि आता त्याच भाताच्या खाचरांवर टॉवर उभे. आई सखुबाई, वडील रघुशेठ, गावात त्यांना लोक राजेच म्हणतात. दारात घरातल्या माणसांपेक्षा गाड्या जास्त. मी हिशेब लावला. राजा, राजमाता सखुबाई, युवराज नयन, सामान्य मुलगी दिशा… अगं बाई, म्हणजे ती डोळे पुसणारी मी!

नाही. अजिबात नाही. मी त्या दिवशीच ठरवलं, आपण नाही पुसायचे.

बघायला बोलावलं त्यांनी आम्हाला. दिशा आठवडाभर मला पढवत होती. "आई, शांत बस. आई, भांडू नकोस. आई, ते आग्रह करतात, जेवून घे." आमचे हे, गुणाजी, सोसायटीत वॉचमन आहेत. ह्यांचं काय, बंगल्याच्या गेटवर पोचलो तर तिथल्या वॉचमनला आधी सलाम ठोकला आणि विचारायला लागले, "डे का नाइट?" मी आणि दिशाने ओढून आत नेलं.

आत काय सांगू… संगमरवर असा की आपलाच चेहरा पायाखाली. दोन बाजूंना दोन सोनेरी सिंह. आणि सोफा! हत्ती बसेल एवढा सोफा, वर प्लॅस्टिक तसंच. रघुशेठ उठून उभे राहिले, "या पाव्हनं, बसा बसा." गुणाजी बसले, म्हणजे टेकले, काठावर. मी पण पदर सावरून आता बसणार, तेवढ्यात आतून सखुबाई आली. हातभर सोनं, पाय अनवाणी, आणि हाताला कोपरापर्यंत पीठ. माझ्याकडे बघितलं, माझा दंड धरला, आणि म्हणते, "तू नुको बसू इकरं. चल माज्या जोरीला."

आणि निघाली घेऊन! हॉल मागे गेला. मग स्वयंपाकघर आलं, चकाचक, चिमणी काय, फ्रीज काय, पण एक भांडं नाही इकडचं तिकडे. ते पण मागे गेलं. आणि समोर आलं… मागचं दार!

मी म्हटलं, कलावती, आलं तुझं प्रकरण.

दाराबाहेर पत्र्याची शेड. शेडमध्ये चूल. चुलीभोवती पाचसहा बाया, तांदळाच्या पिठाची वाफाळलेली उकड परातीत. सखुबाईने पाट सरकवला. "बस गो बाय. थाप भाकर."

थाप भाकर! म्हणजे हिला कळलं होतं की मी पोळ्या करते, आणि हिने मला कामाला लावलं, पोरीच्या आईला, पहिल्या दिवशी! माझ्या डोळ्यांसमोर ते पान आलं, तो शिपाई आला, ती इराची आई आली… आणि माझा तोल गेला. मी म्हटलं, "ओ सखुबाई! मी पोळ्या विकते, इज्जत नाही विकत! गिऱ्हाईक असाल तर कोपरला या, रांगेत उभ्या राहा! मी मुलीची आई म्हणून आलेय, सोफ्यावर बसायला आलेय, तुमची चूल फुंकायला नाही आले!"

एक बाई "आय गो!" म्हणाली.  सखुबाईचा हात तसाच परातीवर, बोटांवरचं पीठ वाळत चाललेलं.  मी तशीच हॉलमध्ये. "उठा!" गुणाजींच्या हातात तळलेला पापलेट. "अगं, एवढा संपवू…" "उठा म्हणते ना!" पापलेटासकट उठवलं.

रिक्षात मी काय ताठ बसले होते म्हणून सांगू! म्हटलं, "बघितलंस दिशा? तुझी आई डोळे पुसणाऱ्यांतली नाही." ती बाहेर बघत होती. मग वळले तर… डोळे पुसत होती. ओढणीने. आवाज न करता.

तरी मी म्हटलं, कळेल तिला.

दुसऱ्या दिवशी दुकानात मोठ्या तोऱ्यात रंगूबाईला सगळं सांगितलं. रंगूबाई तिकडचीच, खाडीकाठच्या गावात माहेर. मला वाटलं शाबासकी देईल. तर तिच्या हातातलं उलथनं खाली पडलं.

"तुला चुलीशी बसवलं? पहिल्या दिवशी?"

"हो ना! बघ की!"

"आणि तू उठलीस?"

"मग काय थापू?"

"अगं कलाताई… काय केलंस गं हे!" आणि मग तिने जे सांगितलं ते ऐका. म्हणाली, "त्या सोफ्यावर कोण बसतं माहितेय तुला? बिल्डर बसतो. बँकवाले बसतात. मतं मागायला येतात ते बसतात. परकी माणसं! विहिणीला आमच्याकडे घेऊन जातात चुलीशी. दोन्ही विहिणींनी एका परातीतल्या पिठाला हात लावायचा, तुझ्या हातची पहिली भाकरी पोराच्या ताटात जायची, की झाली सोयरीक. ती मागची चूल म्हणजे घराचं काळीज, ताई. आणि न थापता उठलीस म्हणजे… तू नको म्हणून आलीस."

म्हणजे बघा! मान मला देत होते, आणि परकं करून ठेवलं होतं गुणाजींना! आणि ते प्लॅस्टिकवर बसून पापलेट खात होते!

आता मला सांगा, हे पुस्तकात लिहायला नको? एवढी पानं खर्ची घातली झुंबरांवर, एक ओळ लिहायला काय झालं होतं की बाई गं, राजे राजे वेगळे असतात, सगळ्यांचं मागचं दार सारखं नसतं? मी त्या पुस्तकाला जे धुतलं, जे धुतलं… गिऱ्हाईकं परत गेली, वाटलं आत कुणाचं तरी भांडण चाललंय.

आणि तिकडून काही नाही. फोन नाही, निरोप नाही. नयनने दिशाला एवढंच सांगितलं, आई म्हणते, त्यांची ना आहे, आपण पाय धरायचे नाहीत. बरोबर आहे, राजमाता ना ती! दिशा ऑफिसला जायची, यायची, जेवायची नाही. म्हणजे भात खायची. माझ्या पोळीला हात लावायची नाही. पोळीवालीच्या लेकीने पोळी सोडावी, याच्याएवढी शिवी दुसरी नाही. मी एक दिवस तापले. "तू माझ्यावर का रुसतेस? त्यांनी मला हलकं लेखलं असं मला वाटलं, माझं काय चुकलं?"

तर ताटातून मान वर न करता म्हणते, "आई, तुला कुणीच हलकं म्हटलं नव्हतं गं. तूच म्हणालीस."

तव्याचा चटका परवडला. त्याला निदान तूप लावता येतं.

आता माफीबिफी मागायची मला सवय नाही. चौथीपर्यंत तो धडा आलाच नव्हता. पण दुपारी दुकान रंगूबाईवर टाकलं, रिक्षा केली, आणि गेले. गेटवरच्या वॉचमनने पुढचं दार उघडलं. मी म्हटलं, नको. बंगल्याला वळसा घातला आणि मागून गेले. स्वतःच्या पायाने! मागच्या दाराने! इराची आई परवडली हो, तिला निदान शिपायाने ढकललं होतं. सखुबाई चुलीपुढे एकटीच होती. मी पाट ओढला आणि बसले. म्हटलं, "परात कुठाय?"

वर बघितलंच नाही तिने. लाकूड आत सारलं आणि म्हणाली, "सोफा रिकामा हाय. जा, बस तिकरं."

लागलं. पण लागायलाच पाहिजे होतं. मी म्हटलं, "प्लॅस्टिक आहे त्याच्यावर. घाम येतो."

  चूल तडतडतेय. मग तिचं नाक फुगलं, ओठ आवळले, आणि फिसकन हसली. परात पुढे ढकलली. "ह्यो बंगला पोरांचा गो. मना त्यातला यक दिवा लावता येत नाय, कवरी बटनं हायेत. माजं घर ह्या चुलीपुरतं. म्हून तुना इकरं आनलं."

बघा राजमाता! एवढे टॉवर, एवढ्या गाड्या, आणि हिचं राज्य किती, तर पत्र्याच्या शेडएवढं. मला तर वाटलं होतं, मलाच तेवढं लहान ठेवलंय देवाने.

मग घेतला उंडा हातात. आता मी तुम्हाला सांगते, जन्म गेला पोळ्या लाटण्यात. ज्वारीची भाकरी डोळे मिटून थापीन, ताटाएवढी. पण ती तांदळाची उकड! हाताला चिकटते, काठाला फाटते, उचलायला गेलं तर लोंबते. तव्यावर टाकली तर तिचे तीन तुकडे तीन दिशांना. सखुबाई वाकून बघते आणि म्हणते, "यी भाकर हाय का सातबाऱ्याचा नकाशा?" बोर्डावर माझं नाव आहे हो! लाल अक्षरात! आणि इथे एक भाकर धड उतरेना! तोच नकाशा नेऊन नयनच्या ताटात वाढला तिने. त्याने तुकडे जुळवून खाल्ला. वर म्हणतो, "मस्त झालीय आई." खोटारडा मेला. पण खाल्लीन. माझ्याकडे बघून, पाणी न पिता खाल्लीन.

झालं, ठरलं लग्न.

आणि हळद काय, बाप रे! लग्न राहिलं बाजूला, हळदीलाच गाव लोटलं. स्टेज काय, डीजे काय, वर ते उडणारं कॅमेऱ्याचं यंत्र काय. दिशा सिंहासनावर. खरंच सिंहासन होतं, सिंहाची तोंडं होती त्याला. सगळे नाचले. रघुशेठ नाचले, व्याही म्हणून गुणाजींना खांद्यावर घेऊन नाचले. रंगूबाई, माझी रंगूबाई, नवी साडी नेसून पंगतीत बसून मासे खात होती! आणि मी? "विहीनबाय, तुजा मान हाय गो!" म्हणून मी चुलीवर. गावजेवणाच्या भाकऱ्या. सखुबाई थापते, मी भाजते, मी थापते, ती भाजते. लाकडं ओली. आणि आता त्यांच्या भावकीत कुणाचंही लग्न निघालं की आधी मला निरोप, विहीनबायला आना, तिच्याबिगर चूल पेटायची नाय! दुकानात बनवलं तर विकते तरी. इथे मान! मानाच्या भाकऱ्या फुकट थापायच्या असतात, हे मला कुणी सांगितलं नव्हतं.

तरी मी म्हटलं, असू दे. ती नाही ना झाले मी, डोळे पुसणारी? नाही ना?

परवा दिशा आणि जावई लग्नाची फिल्म घेऊन आले. सगळे बसलो बघायला. सारंगी सुरू झाली. दिशा धुराच्या ढगातून वर येतेय, नयन हात पुढे करतोय, फुलं पडतायत… आणि मधेच मी! चुलीपुढे! हळूहळू, अगदी हळूहळू, जशी काय मी पाण्याखाली आहे, माझा हात वर जातो, पदर डोळ्यांना लागतो, एक डोळा, मग दुसरा डोळा… सारंगी रडतेय, भोवती गुलाबी बदामाची चौकट, आणि खाली सोनेरी अक्षरं, "आईचे आनंदाश्रू."

अहो, धूर होता! ओली लाकडं होती! मी ओरडले, "धूर आहे तो! पुसा ती अक्षरं!" तर गुणाजी म्हणतात, "छान आलीयेस गं." आणि ही माझी लेक… माझ्या खांद्यावर डोकं ठेवून रडायला लागली, आता तिला कशी सांगू धूर म्हणून? रंगूबाईने तर दुकानात सगळ्या गिऱ्हाइकांना मोबाइलवर दाखवलं. बाया पोळ्या घेतात आणि हळव्या होऊन माझा हात दाबतात. पैसे द्यायला विसरतात त्या नादात.

काय करणार… अख्खं पुस्तक शिव्या घालत वाचलं, आणि शेवटी त्याच्या त्याच पानावर जाऊन बसले. नाही, फरक आहे, थोडा फरक आहे. त्या इराच्या आईला नुसतेच डोळे पुसायचे होते. तिला भाकऱ्या तरी थापाव्या लागल्या नाहीत!